अडाण नदीतला रिबीनवाला कृमी

हसायचं आहे ना? हसा. पण एक आधीच सांगून ठेवते, मी ही गोष्ट मान खाली घालून सांगणार नाही. चूक माझी होती, चांगली हत्तीएवढी होती, आणि ती मी भर सभेत, माइकवर, सासऱ्यांच्या देखत केली. तरीसुद्धा नाही! ज्यांना पश्चात्ताप वगैरे ऐकायचा असेल त्यांनी चहा संपवावा आणि निघावं. बाकीच्यांनी बसा. अर्धा कप आणखी टाकते.

तर त्या वेळी मी दारव्ह्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि सोबत पीएचडी करत होते. विषय? माशांच्या कल्ल्यांत राहणारे चपटे कृमी.

बघा! तुमचंही तोंड तसंच झालं. सगळ्यांचं होतं. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईनं विचारावं, "काय करता तुम्ही?" आणि मी सांगावं, की ती आपली पत्रावळ हळूच पलीकडे सरकवते. अहो, मी कृमी खिशात घालून फिरते का?

आणि काय देखणा प्राणी आहे तो! मोहरीच्या दाण्याहून लहान. जिवंत असला की जळवेसारखा लांबतो, आखडतो. मागच्या टोकाला त्याचे आकडे असतात. त्या आकड्यांनी तो कल्ल्याला धरून बसतो. नदीला पूर येवो की मासा कोलांट्या मारो, हा सोडत नाही. प्रत्येक जातीचे आकडे वेगळ्या घडणीचे, त्यामुळे आकडे पाहून जात ओळखायची. उभ्या आयुष्यात मी ज्यांना बिनदिक्कत 'तुमची जात कोणती' म्हणून विचारू शकले असे हे एवढेच प्राणी.

माझे गाईड यवतमाळला होते, टेंभरे सर. माणूस वाईट नाही, पण उत्साहाचं आणि त्यांचं जुनं वैर. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या अडाण नदीत काय नवीन सापडणार? आधीच्या लोकांनी सगळं शोधून ठेवलंय. जुन्याच जाती पुन्हा नोंदवा, प्रबंध लिहा, मोकळ्या व्हा."

मोकळ्या व्हा! म्हणजे मी काय बाळंतपणाला आले होते?

माझ्या डोक्यात तिथेच ठिणगी पडली. अडाण नदीत काही नवीन नाही? कोण म्हणतं? नदीला विचारलं का कोणी? मी तिथेच, त्यांच्या टेबलासमोर उभ्या उभ्या ठरवलं की नवीन जात शोधीन, नाहीतर पीएचडीच करणार नाही.

आता माझ्या घराची त्या वर्षीची हालत सांगते. आमची कपाशीची शेती. ते दिवस तुम्हाला आठवत असतील, कापसाला भाव नव्हता. खरेदी केंद्रासमोर बैलगाड्यांच्या रांगा, आणि केंद्र उघडायचं नाव नाही. आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, माझ्याहून हट्टी. त्यांनी जाहीर केलं, "मातीमोल भावात मी कापूस देत नाही. घरात ठेवीन. झोपीन त्याच्यावर."

आणि खरंच ठेवला हो! आधी ओसरी भरली, मग बैठक, मग आमची झोपायची खोली. शेवटी माझी अभ्यासाची खोलीही छताला लागली. खिडकीपाशी एक टेबल तेवढं राहिलं. त्यावर माझा मायक्रोस्कोप, आणि पाठीमागे कापसाचा डोंगर. बसताना पदर आवरून बसायचं, उठताना पदराला बोंडाएवढा कापूस घेऊन उठायचं. घरात सगळ्यांच्या अंगाला खाज. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, दिवसभर खाजवत मामाजींना विचारत, "विकता का आता?"

"नाई."

"अवं, पोळीत कापूस येऊन राह्यला!"

"येऊ दे. आपलाच हाय."

कॉलेजात वीज अर्धा दिवस नसायची, म्हणून मी काम घरीच करत असे. सकाळी नदीवरून मासे आले की बाजारात जायचं, कारण मासा ताजा नसला तर कृमी मरून विरघळतात. आमच्या मासळीवाल्या गिरजाबाई मरळ आणि शिंगाळा हे मासे माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायच्या. मी घरी येऊन कल्ले कापायची, पाण्यात हलवायची, भिंगाखाली कृमी वेचायची आणि रंग देऊन काचेवर बसवायची. काचा पुसायचा खास कागद कॉलेजात संपलेला. मला काय फिकीर? हात मागे केला की बोळा हजर!

आत्याबाईंचं एकच दुःख होतं. "मुंडके तू घेऊन बसतं. मुंडक्याबिगर रश्शाले चव येते का व सुजाता?"

"आत्याबाई, फक्त कल्ले घेते. बाकी मुंडकं तुमचंच."

"थे किडे काढल्यावर?"

"हो."

"मंग राहू दे."

तर एका सकाळी मी स्लाइड लावली, भिंग फिरवलं, आणि खुर्चीतून उठून ओरडले. अशी ओरडले की मामाजी कापसावरून घसरत खाली आले.

कृमीच्या मागच्या टोकाला, बरोबर आकड्यांच्या मधून, एक लांब पट्टी निघाली होती. पारदर्शक, चपटी, आणि तिला पीळ! एकामागून एक सुरेख पीळ. मी सगळी पुस्तकं पालथी घातली. अशी शेपटी असलेला कृमी कुठेच नव्हता.

आमचे विलासराव, म्हणजे माझे यजमान, एसटीत कंडक्टर. ड्युटीवर निघाले होते, त्यांना ओढून बसवलं. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ पाहिलं, गंभीर झाले.

"दिसलं?"

"मले त माह्या पापण्याच दिसून राह्यल्या."

मग आत्याबाई बसल्या. त्यांना लगेच दिसलं. "अवं बाप्पा! यानं त वेणीले रिबीन बांधली!"

झालं. त्या दिवसापासून घरात त्याचं नाव पडलं रिबीनवाला.

आता शास्त्र काय सांगतं? एकदा दिसलं म्हणून विश्वास ठेवायचा नाही, पुन्हा पुन्हा बघायचं. मी बघितलं! आणखी मासे आणले, आणखी काचा केल्या. काही कृमींना रिबीन होती, काहींना नव्हती. दुसऱ्या कोणाला इथे शंका आली असती. मला? छे! मी ठरवून टाकलं, ज्यांना रिबीन आहे ते धडके, ज्यांना नाही त्यांची तुटली.

सगळा कृमी गुलाबी रंग घ्यायचा, रिबीन मात्र बिनरंगीच राहायची. का? कारण ती कठीण पदार्थाची आहे. आकडेही रंग घेत नाहीत ना! जिवंत कृमीला रिबीन दिसायची नाही. का? जिवंतपणी तो ती गुंडाळून ठेवतो! माझ्याकडे प्रत्येक का-ला उत्तर होतं. एवढी उत्तरं माझ्याकडे आयुष्यात परत कधी जमली नाहीत.

आणि रिबीन कशासाठी? तेही मी शोधून काढलं. आमची नदी उन्हाळ्यात कोरडी ठाक, पावसाळ्यात बेफाम. म्हणून हा कृमी पुराच्या वेळी कल्ल्याला स्वतःला बांधून घेतो, खुंट्याला बैल बांधतात तसा. काय सिद्धान्त होता! आजही मला तो आवडतो.

टेंभरे सरांनी स्लाइड पाहिली आणि नाक मुरडलं. "काहीतरी चिकटलंय मॅडम. धूळ असेल."

"सर, धुळीला पीळ असतो का?"

"पण..."

"आणि दरवेळी शेपटीलाच चिकटते का? डोक्याला का नाही चिकटत?"

सरांनी स्लाइड माझ्या हातात परत दिली. मग म्हणाले, "अमरावतीच्या परिसंवादात वाचायचं तर वाचा. माझं नाव टाकू नका."

"नाही टाकत!" मी म्हटलं. आणि दार जरा जोरातच लागलं. वाऱ्यानं. (वारा नव्हता.)

आता खरी गंमत ऐका. विलासरावांच्या पोटात काही राहत नाही. दारव्हा ते यवतमाळ, त्यांनी गाडीत तिकिटं फाडता फाडता सगळ्यांना सांगितलं की आमच्या मंडळीनं नवीन किडा शोधला. गाडीत कोणी एक वार्ताहर होता. त्यानं ऐकलं अर्धं, लिहिलं दीडपट. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी: दारव्ह्याच्या प्राध्यापिकेने शोधली नवी अळी!

अळी! कपाशीच्या मुलखात! बोंडअळीच्या दिवसांत!

सकाळी चहा टाकायच्या आधी दारात माणसं. मी बाहेर आले तर समोर धोतरं, गमछे, सायकली. एक आजोबा पुढे आले. माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच शेतात शिरून बोंडं पोखरत होते.

"मॅडम, पयल्या अळ्या कमी होत्या का, म्हून तुम्ही आनखी एक शोधून काढली?"

"अहो आजोबा, ती अळी नाही..."

"पानावर पडते का बोंडात शिरते, तेवढं सांगा."

"कपाशीचा काही संबंधच नाही हो!"

"मंग सोयाबीनवर हाय का?"

तेवढ्यात औषधाच्या दुकानाचा एक मालक स्कूटरवरून आला. मला बाजूला घेऊन म्हणतो, "मॅडम, इलाज म्हणून आमच्याच औषधाचं नाव सांगा. फवारणीचा पंप भेट देतो."

मला एवढा संताप आला! मी ओट्यावर चढले आणि गर्दीकडे तोंड करून ओरडले, "ऐका सगळे! हा किडा कपाशीवर नाही, सोयाबीनवर नाही, तुरीवर नाही! हा किडा माशात आहे! माशात!"

 "असं म्हना ना," म्हणून आजोबा निघाले. एकेक सायकल वळली. मी पदराला हात पुसले. वाटलं, मिटलं.

मिटलं कसलं? बाजाराच्या दिवशी मी पिशवी घेऊन मासळीच्या ओळीत गेले तर ओळीत गिऱ्हाईक नाही. एकही नाही! मासे पडलेत, माश्या बसल्यात, आणि सगळ्या बाया माझ्याकडे बघताहेत. गिरजाबाई उठल्या. सुरी हातातच होती.

"या मॅडमबाई, या. मासोळीत किडे हायेत म्हून ओट्यावर चढून कोन बोंबललं?"

"गिरजाबाई, मी तसं..."

"सकाळपासून भवानी नाई झाली! लोकं दुरूनच पाह्यतेत अन् बोकडाच्या दुकानाकडे वळतेत. मी तुह्यासाठी मरळ काढून ठेवत होती अन् तू माह्या पोटावर आली?"

आता ह्यात माझं काय चुकलं, सांगा? मी खरं तेच बोलले होते. पण गिरजाबाईंचंही खरंच होतं. त्यांची टोपली भरलेली होती, ऊन चढत होतं.

मी म्हटलं, "तो कृमी माणसाला काहीच करत नाही. मासा मेला की तोही मरतो. शिजवल्यावर तर काहीच राहत नाही."

"मले कायले सांगतं? त्याइले सांग!" त्यांनी सुरीनं रस्त्याकडे दाखवलं. "नाई त असं कर. खा. सगळ्याइच्या म्होरं खा."

"खाते!"

"अख्खी खाशीन?"

"तळा!"

पलीकडे भज्यांची गाडी होती. तिथली कढई आली. गिरजाबाईंनी शिंगाळा कापला, मीठ-तिखट लावलं, तेलात सोडला. बघता बघता गर्दी जमली. माझे विद्यार्थी! त्यांचे आईबाप! आमचे प्राचार्यही भाजीची पिशवी घेऊन उभे. मी पदर खोचला, मासळीच्या ओट्यावर मांडी घातली, आणि सगळ्या बाजारासमोर मासा खाल्ला. मुंडक्यासकट. कल्ल्यांसकट! कल्ले कोणी खात नाही हो, पण मी चावून चावून खाल्ले आणि तोंड उघडून दाखवलं.

"पाहा! मेले का?"

"आत्ताच कसं सांगता येईन?" मागून कोणी तरी म्हणालं. "उद्या पाहू."

तेव्हा गर्दीतून मामाजी पुढे आले. पांढरं धोतर, त्यावर जागोजाग कापूस चिकटलेला. माझ्या शेजारी बसले, गिरजाबाईंना म्हणाले, "मलेही एक तुकडा दे व." आणि शांतपणे खाऊ लागले. गावात मामाजींचा शब्द होता. त्यांनी काटा काढून बाजूला ठेवला तोवर लोक टोपल्यांकडे वळले होते. त्या दिवशी मासळी सगळी उठली. गिरजाबाईंनी निघताना माझ्या पिशवीत मरळ टाकला आणि वर दम दिला, "आता किडा म्हनू नको. दुसरं कायी म्हन."

तर अशी पार्श्वभूमी. नदीसाठी भांडले, गावाशी भांडले, सरांशी भांडले. आता तुम्हीच सांगा, माघार घ्यायला जागा कुठे होती?

अमरावतीला निघाले तेव्हा विलासरावांनी रजा टाकली आणि मामाजींनी धुतलेलं धोतर काढलं. "सूनबाई भाषण करून राह्यली अन् मी घरी कापूस राखत बसू?" दोघं शेवटच्या रांगेत बसले. टेंभरे सर पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून.

अध्यक्ष होत्या बाहेरच्या राज्यातल्या एक वयस्कर बाई. चपट्या कृमींमध्ये आयुष्य घालवलेल्या. पांढरे केस, जाड चष्मा, आणि अगदी हळू बोलणं. मी वाचायला उभी राहिले आणि काय वाचलं म्हणता! पुराचं वर्णन केलं, खुंट्याला बांधलेल्या बैलाची उपमा दिली, पडद्यावर रिबीन हातभर मोठी करून दाखवली. शेवटी सरांकडे बघत म्हटलं, "काही लोक याला धूळ म्हणतात. त्यांना माझा एकच प्रश्न आहे. धुळीला पीळ असतो का?"

टाळ्या! मामाजी तर उभे राहून वाजवत होते.

बाईंनी टाळ्या थांबू दिल्या. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि टेबलावरच्या मायक्रोस्कोपमध्ये माझी स्लाइड स्वतः लावली. बराच वेळ बघत राहिल्या. भिंग बदललं, पुन्हा बघितलं.  आता म्हणतील, बेटी, कमाल केली.

डोळा न काढता त्यांनी विचारलं, "बेटी, काँच काहे से साफ करती हो?" म्हणजे त्यांचं हिंदी वेगळ्याच वळणाचं होतं, पण प्रश्न मला कळला.

मी ऐटीत सांगितलं, "घर की रुई से!"

रुई.

शब्द तोंडातून बाहेर पडला, माझ्याच कानात शिरला, आणि आत जाऊन बसला. रुई म्हणजे कापूस. कापसाचा तंतू. वाळला की चपटा होतो आणि पीळ घेतो, हे मी दर वर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांना मायक्रोस्कोपखाली दाखवत होते! स्वतः दाखवत होते हो!

बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.  हात पुढे करून त्यांनी माझ्या खांद्यावरचा एक धागा उचलला, दुसऱ्या काचेवर ठेवला, आणि मला म्हणाल्या, "देखो."

मी पाहिलं. रिबीन! तोच पीळ, तीच पट्टी. फक्त कृमी नव्हता.

"उसका काम है पकड़ना," बाई हळूच म्हणाल्या. "तुमने कपास दिया, बेचारे ने कपास पकड़ लिया."

सभागृहात आधी कुजबुज, मग हसू, मग नुसता धुरळा. पहिल्या रांगेत टेंभरे सर रुमालात तोंड घालून हलत होते. आणि त्या सगळ्या गोंधळात शेवटच्या रांगेतून मामाजींचा आवाज. त्यांना वाटतं आपण हळू बोलतो.

"काय म्हनते थे बाई?"

"कापूस निघाला, बाबा," विलासराव.

"कोनाचा?"

"आपला."

 मग मामाजी उठले, आणि थेट अध्यक्षांना विचारलं, "जयभीम बाई! धागा लांब हाय का, तेवढं पाहा ना! लांब धाग्याले भाव येते!"

धरणी दुभंगावी आणि पोटात घ्यावं, असं पुस्तकात लिहितात. मला नाही वाटलं तसं. मला आला राग. कोणाचा ते विचारू नका. मी माइक ओढला. 

"कृमीला शेपूट नाही. शेपूट कापसाची आहे. चूक माझी आहे. पण एक सांगते, बाजारातून मासा मी स्वतः आणला, काच मी स्वतः केली, आणि चूकही मी स्वतः केली. कोणाच्या प्रबंधातून उतरवून घेतली नाही! हसून झालं असेल तर पुढचा निबंध घ्या."

हसू थांबलं. काही लोकांनी उगाच कागद चाळले. खाली उतरताना सरांनी मला गाठलं.

"मी म्हटलं होतं ना मॅडम, धूळ."

"धूळ नाही सर, कापूस. तुम्हीही चुकलात."

इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला बरी तरी दिसले असते. पण जेवणाच्या सुट्टीत बाईंनी मला पुन्हा मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. त्यांचं जेवण झाकून ठेवलेलं, आणि त्या अजून माझ्याच स्लाइडवर.

"पूँछ छोड़ो," त्या म्हणाल्या. "हुक देखे तुमने?"

हुक म्हणजे आकडे? मी सगळा वेळ रिबीनच बघत होते!

मी डोळा लावला. आकड्यांची मुळं दुभंगलेली होती, एक बाजू आखूड, एक बाजू लांब आणि आत वळलेली. मधल्या पट्टीला खाच. पुस्तकातली सगळी चित्रं डोळ्यांपुढे आणली. असे आकडे मी कुठेच पाहिले नव्हते.

"मैंने भी नहीं देखे," बाई म्हणाल्या. "यह नया हो सकता है. सचमुच नया. लेकिन इन सब में कपास उलझा है, हुक साफ नहीं दिखते. नाप कैसे लोगी? जिनको पूँछ नहीं थी, वो दिखाओ."

मी उगाच भिंगाचं चाक फिरवलं.

"वो स्लाइडें कहाँ हैं, बेटी? बिना पूँछ वाली?"

कशी सांगू? रिबीन तुटलेले कृमी काय कामाचे, म्हणून मी त्या सगळ्या काचा साबणाच्या पाण्यात टाकल्या होत्या. घासून घासून लख्ख केल्या होत्या. आणि त्यांच्यावर पुन्हा रिबीनवाले बसवले होते!

"धो डाले," मी म्हटलं.

त्या शांत, हळू बोलणाऱ्या बाई एवढ्या मोठ्यानं हसल्या की जेवणारी माणसं ताटं घेऊन धावत आली.

परतताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.  मामाजी नेर गाव येईपर्यंत विचार करत होते, मग म्हणाले, "सूनबाई, सापडला व्हता ना थो?"

"हो मामाजी."

"नदी कुठी गेली का?"

"नाही."

"मंग रडतं कायले?"

"रडत नाही. डोळ्यात कापूस गेलाय."

खरं सांगते, रडतच होते. पण दुसऱ्याच बाजारी मी गिरजाबाईंसमोर पिशवी घेऊन उभी होते. मायक्रोस्कोप आत्याबाईंच्या देवळीखाली, म्हणजे फोटो आणि मेणबत्ती ठेवायच्या कोनाड्याखाली हलवला, कारण कापूस न भरलेली तेवढीच एक जागा होती. आत्याबाईंनी तथागतांचा फोटो जरा वर टांगला आणि मला चटई टाकून दिली.

आणि तो कृमी? लपून बसला! कधी मासा ताजा नसायचा, कधी नदी आटायची, कधी दुसरीच जात निघायची. कितीतरी मरळ, कितीतरी शिंगाळे उघडले. दोन पावसाळे गेले. मामाजींचा कापूस कधीच विकला गेला होता, घराच्या भिंती पुन्हा दिसायला लागल्या होत्या, आणि मी अजून कल्ले हलवत होते. शेवटी एका सकाळी सापडला. स्वच्छ, बिनशेपटीचा, आकडे आरशासारखे. बाईंना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, नवीन आहे. अडाण नदीतला, नवीन! टेंभरे सरांनी विचारलं, "माझं नाव टाकणार ना मॅडम?" टाकलं. दुसरं. पहिलं माझं.

हल्ली पोरी येतात माझ्याकडे संशोधन करायला. विचारतात, "मॅडम, नवीन जात शोधायला किती दिवस लागतात?"

मी सांगते, काही नाही गं, एक सकाळ पुरते. दोन वर्षं जातात ती आपणच धुतलेला कृमी परत शोधण्यात.